कुठेही जाऊ नका

गेल्या पावसाळ्यात एक जुनं पुस्तक पुन्हा वाचायला काढलं. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर कधीकाळी घेतलेलं, कडा पिवळ्या पडलेलं. नील पोस्टमन यांचं ‘अम्यूझिंग अवरसेल्व्ज टू डेथ’, १९८५ सालचं. करमणूक करून घेता घेता आपण मरणार, असा नावाचा साधारण अर्थ. लेखक न्यूयॉर्क विद्यापीठातले प्राध्यापक, आणि निशाणा अमेरिकेतला टीव्ही. वाचायला बसताना एक खेळ ठरवला: मध्येच फोन हातात घेतला की शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने एक रेघ मारायची. पहिलं प्रकरण पंधरा पानांचंही नाही. ते संपेपर्यंत अकरा रेघा झाल्या होत्या.

यात लाजण्यासारखं काही नाही. तुमच्याही झाल्या असत्या. रात्री त्या रेघा कशाकशाच्या ते आठवायला बसलो. मावसभावाच्या वास्तुशांतीचे फोटो. कुठल्याशा देशात पूल कोसळला. उसात बिबट्या, कुठल्या गावच्या उसात, ते व्हिडिओत नव्हतं. कुणा नटाचा घटस्फोट. क्रिकेटचा स्कोअर, दोनदा. गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला सांगायचा चार आकडी कोड. बाकीच्या चार काही केल्या आठवेनात. या अकरांपैकी एकाच रेघेने मला खुर्चीतून उठवलं होतं. सिलिंडरच्या.

पोस्टमन यांच्या पुस्तकातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी कल्पना नेमकी हीच आहे, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. ते म्हणतात, पूर्वी माणसाला जी माहिती मिळायची तिच्यातल्या बऱ्याचशा माहितीचं तो काहीतरी करू शकायचा. विहिरीचं पाणी आटलं, शेजारच्या आळीत देवी आल्या, धान्य महागलं. ऐकलं की पाऊल उचलायचं. ही वीण उसवली ती तारायंत्रामुळे. २४ मे १८४४ या दिवशी सॅम्युअल मोर्सने वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला पहिला जाहीर संदेश धाडला आणि बातमीचा गावाशी असलेला संबंध सुटला. अमेरिकन लेखक थोरोने ‘वॉल्डन’ या पुस्तकात या उत्साहाची टर उडवली आहे: समुद्राखालून वाट काढण्याची एवढी घाई, पण अमेरिकन कानात पहिली बातमी पडणार ती राजकन्या ॲडलेडला डांग्या खोकला झाल्याची. त्या खोकल्याचं बाल्टिमोरच्या माणसाने करायचं काय?

इथे पोस्टमन यांच्याशी माझं पहिलं भांडण. तार अमेरिकेत डांग्या खोकला घेऊन आली असेल, आमच्याकडे नाही. आमच्या घरांत तार आली की बायका आधी रडायला लागायच्या आणि मग कुणीतरी इंग्रजी जाणणारा शोधून ती वाचून घेतली जायची. तारेत मोजून सहा-सात शब्द असायचे आणि ते वाचून झाल्यावर माणूस त्याच अंगावरच्या कपड्यांनी एसटी स्टँड गाठायचा. माहिती आणि कृती यांचं इतकं घट्ट लग्न दुसऱ्या कुठल्या माध्यमात लागलं असेल असं मला वाटत नाही. २०१३च्या जुलैत देशातली तारसेवा बंद झाली तेव्हा हळहळ व्यक्त झाली ती बहुधा याच आठवणींमुळे. यंत्र तेच, मोर्सचंच. गरीब देशात शब्दाला पैसे पडत होते, म्हणून फालतू बातमी तारेने येत नव्हती. म्हणजे एखादं माध्यम माणसाचं काय करतं हे यंत्रावर जितकं अवलंबून, तितकंच ते कुणाच्या हातात आणि काय भावाने पडतं यावर.

पोस्टमन यांच्या पुस्तकाचं एक पान मात्र जगभर फिरलं. प्रस्तावनेचं. ‘१९८४’ ही कादंबरी लिहिणाऱ्या ऑर्वेलला भीती होती की पुस्तकांवर बंदी येईल. ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ लिहिणाऱ्या हक्स्लीला भीती होती की बंदीची गरजच उरणार नाही, कारण वाचायची इच्छा असलेलं कुणी नसेल. ऑर्वेलला वाटलं सत्य दडपलं जाईल, हक्स्लीला वाटलं ते बिनमहत्त्वाच्या गोष्टींच्या महापुरात बुडेल. पोस्टमन यांचं मत, हक्स्ली खरा ठरतोय. हे पान पुढे चित्रपट्टीच्या रूपात इंटरनेटवर आलं आणि फॉरवर्ड होत राहिलं. पुस्तकावर याहून मोठा सूड कुणी उगवला नसेल. मलाही ते तीन वेळा आलंय. दोनदा अंगठा दाखवला.

त्या पानामुळे एक गैरसमज मात्र पसरला, की पोस्टमन म्हणजे टीव्ही बघणाऱ्यांना रागावणारे काका. पुस्तक उघडलं तर उलटंच सापडतं. टीव्हीवरच्या टाकाऊ मालाबद्दल त्यांची काही तक्रार नाही; त्याने कुणाचं काही बिघडत नाही, असं ते स्पष्ट सांगतात. टीव्ही घातक होतो तो गंभीर व्हायला जातो तेव्हा: बातम्या, राजकारण, धर्म, शिक्षण. म्हणजे आमच्या घरी रात्री आठला आई जी मालिका बघते, जिच्यात एकाच थपडेचे प्रतिध्वनी तीन वेगवेगळ्या चेहऱ्यांवर दाखवतात, ती निरुपद्रवी. आणि मी नऊ वाजता ‘जाणकार नागरिक’ म्हणून जी चर्चा लावतो, सहा चौकटींतून सहा माणसं एकाच वेळी ओरडतात ती, तिच्यावर हे पुस्तक आहे. हे आईला सांगितलं. ती म्हणाली, “मला ठाऊकच होतं.”

बातम्यांवरच्या प्रकरणाचं नाव दोन-तीन साध्या शब्दांचं आहे. निवेदक एक बातमी संपवून दुसरीकडे वळताना जे म्हणतो ते: ‘आता... हे’. भूकंपात माणसं मेली. आता हे, साबणाची जाहिरात. आता हे, सामन्याचा निकाल. पोस्टमन म्हणतात, या शब्दांनी काही जोडलं जात नाही, तोडलंच जातं. मघाशी ऐकलेल्याचा आता ऐकायच्या गोष्टीशी काही संबंध नाही, तेव्हा आधीचं मनातून पुसून टाका, एवढाच त्यांचा अर्थ. भूकंप कितीही मोठा असो, पंचेचाळीस सेकंदांनी तो पुसला जाणार आहे. विसंगती दिसायलासुद्धा दोन विधानं शेजारी शेजारी मनात टिकावी लागतात. टिकतच नसतील, तर नेत्याला काल काय बोललो याची भीती बाळगायचं कारण उरत नाही.

आपल्याकडच्या निवेदकांचं वाक्य वेगळं आहे आणि माझ्या मते जास्त प्रामाणिक. ‘घेऊया एक छोटीशी विश्रांती, कुठेही जाऊ नका.’ सगळ्या व्यवसायाची गोम शेवटच्या तीन शब्दांत आहे. तार माणसाला घराबाहेर काढायची, हे म्हणतं बसा. बिबट्या दिसला, बसा. पूल पडला, बसा. दर दोन मिनिटांनी संताप यावा आणि त्या संतापाने खुर्चीतून उठू मात्र नये, अशी ही व्यवस्था.

दुसरं भांडण मोठं आहे. पोस्टमन यांच्या मनातलं सुवर्णयुग छापील शब्दाचं. ते १६ ऑक्टोबर १८५४ची, इलिनॉयमधल्या पिओरियाची गोष्ट सांगतात. लिंकनचा राजकीय प्रतिस्पर्धी डग्लस तीन तास बोलला. मग लिंकन उठून म्हणाला की पाच वाजलेत, मलाही तेवढाच वेळ लागेल आणि त्यानंतर डग्लसला उत्तर द्यायचंय, तेव्हा घरी जाऊन जेवून या. लोक गेले, जेवले आणि परत आले! वाचणाऱ्या समाजाला लांबलचक, उपवाक्यांनी लगडलेली भाषा कानानेही पेलायची, असं त्यांचं म्हणणं. त्यातून पुढचा निष्कर्ष: छापील शब्द गेला, करमणूक आली, विचार संपला.

हा निष्कर्ष मराठी माणसाने जसाच्या तसा उचलायची गरज नाही. ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ला निघालं आणि ‘केसरी’ १८८१ला, हे खरं. पण १९०१च्या जनगणनेत देशभरातली साक्षरता साडेपाच टक्क्यांच्याही आत होती. ‘केसरी’चे अग्रलेख गावोगाव पोचले ते पारावर एकाने मोठ्याने वाचले आणि वीस जणांनी ऐकले म्हणून. आणि ऐकायची सवय त्या वीस जणांना छापखान्याने लावलेली नव्हती. ती कीर्तनाने लावली होती.

कीर्तन ही तर उघडउघड करमणूक. पेटी, तबला, झांज, बुवांचा अभिनय, मध्येच नकला. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात एका पदाचं निरूपण असतं; मग बुक्का, हार; मग उत्तररंगात आख्यान, म्हणजे चक्क गोष्ट. लोक गोष्टीसाठी येतात हे बुवांना पक्कं ठाऊक असतं. पण आख्यान कितीही रंगलं, द्रौपदी, सुदामा, हरिश्चंद्र कुठेही फिरून आले, तरी शेवटी बुवा मूळ पदावर परत येतात. परत येणं हा त्या प्रकाराचा कणा. करमणूक पूर्ण, आणि सूत्र मात्र सुटत नाही. टिळकांना संपादक झालो नसतो तर कीर्तनकार झालो असतो असं वाटायचं, हे कीर्तनकार मंडळी आवर्जून सांगतात. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा उचलून भटशाहीवर आणि सावकारीवर युक्तिवाद केले. आंबेडकरी जलशांनी तेच पुढे नेलं. हसवता हसवता विचार मांडता येत नाही, असं या मातीत कुणी म्हणू नये.

आणि मग गाडगेबाबा. त्यांचा विचार केला की पोस्टमन यांची कल्पना आणि पोस्टमन यांची चूक, दोन्ही एकदमच दिसतात. बाबा गावात आले की आधी खराटा हातात घेत. दिवसभर गाव झाडायचं, रात्री कीर्तन. कीर्तन कसलं, सवालजवाबच. वऱ्हाडी बोलीत एक प्रश्न फेकायचा, समोरच्या हजारोंनी एका आवाजात उत्तर द्यायचं, त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढायचा आणि बघता बघता समोरच्याला त्याच्याच उत्तरात अडकवायचं. लोक पोट धरून हसायचे. सांगायचे काय, तर कर्ज काढून सण करू नका, नवसाला बकरं कापू नका, दारू पिऊ नका, पोरं शाळेत घाला. यातलं प्रत्येक वाक्य ऐकणाऱ्याच्या हातात असलेल्या गोष्टीबद्दल आहे. कुठल्याही राजकन्येला खोकला झालेला नाही. आणि ऐकायला जमलेली माणसं त्याच दिवशी झाडलेल्या रस्त्यावरून चालत आलेली असायची.

बाबांच्या अखेरच्या काळातलं, बांद्र्याच्या पोलीस ठाण्यातलं एक कीर्तन ध्वनिमुद्रित झालेलं आहे. मला ते अलीकडे पहिल्यांदा भेटलं ते तीस सेकंदांच्या तुकड्यात, खाली बासरीचं संगीत, वर सोनेरी अक्षरं. आवाज अस्सल, शब्द तेच. अंगावर काटा आला आणि अंगठ्याने वर सरकवलं. पुढे पनीरची भाजी होती. बाबांच्या शब्दांत कुणी काडीचीही भेसळ केली नव्हती. फक्त खराटा काढून घेतला होता, आणि मागचा प्रश्न व पुढचा प्रश्न.

म्हणून माझं म्हणणं असं: पोस्टमन यांच्याकडून ‘करमणुकीने बुडवलं’ ही ओरड घेऊ नये. तिने फक्त म्हाताऱ्यांना तरुणांकडे तुच्छतेने बघायची सोय होते. घ्यायचे ते दोन प्रश्न. मागचं पुढच्याशी जोडलेलं आहे का? आणि हे कळल्यावर मी काय करू शकतो?

हे प्रश्न लावले की आजच्या फोनमध्येही फरक दिसू लागतो. लासलगावच्या आसपासचा एखादा कांदा उत्पादक सकाळी व्हॉट्सॲपवर बाजारभाव बघतो: कमीत कमी, जास्तीत जास्त, सरासरी. ते तीन आकडे पाहून तो कांदाचाळीत साठवलेला माल काढायचा की आणखी आठ दिवस थांबायचं, ट्रॅक्टर लासलगावला न्यायचा की पिंपळगावला, हे ठरवतो. माहिती आणि कृती यांच्यात चहाच्या कपाएवढं अंतर. याच फोनवर अर्ध्या तासाने तोही पनीरची भाजी बघतो, हे खरं. पण ‘माध्यम हाच संदेश’ हे मॅक्लुहान या माध्यम-अभ्यासकाचं १९६४चं वाक्य जे लोक वेदवाक्यासारखं फेकतात, त्यांनी एकदा त्या शेतकऱ्याच्या खांद्यावरून डोकवावं.

पोस्टमन यांनी संगणकाबद्दलही त्या पुस्तकात लिहून ठेवलंय, की या यंत्राचा वाजवीपेक्षा फार उदोउदो चाललाय. वाचून हसू येतं. मात्र त्याच परिच्छेदात ते म्हणतात, की माहितीचे प्रचंड साठे आणि विजेच्या वेगाने ती शोधण्याची सोय मोठमोठ्या संस्थांना फार लाभेल, सामान्य माणसाचे प्रश्न मात्र त्याने फारसे सुटणार नाहीत. मग हसू जरा आवरतं. त्यांना दिसलं नाही ते वेगळंच: त्यांच्या काळातला टीव्ही आंधळा होता. तो सगळ्यांना एकच दाखवायचा आणि समोर कोण जांभई देतंय ते त्याला कळत नव्हतं. आताचा पडदा आपल्याला बघतो. कुठे थबकलो, कुठे दोनदा पाहिलं, सगळं टिपतो. हक्स्लीची सुखात गुंगवणारी गोळी आणि ऑर्वेलचा पाळत ठेवणारा डोळा एकाच काचेत बसेल, हे त्या दोघांत एकाला निवडणाऱ्या प्रस्तावनेत कुठे नाही.

पैशाकडेही त्यांचं लक्ष कमी होतं. ते डॅलस स्माईथ या कॅनडाच्या अभ्यासकाने १९७७ साली दिलं होतं: टीव्ही कार्यक्रम विकत नाही, तो जाहिरातदाराला प्रेक्षक विकतो, बघणं हे बिनपगारी काम आहे. खालपर्यंत न संपणारं पान २००६मध्ये ज्याने रचलं त्या एझा रास्किनने पुढे त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. तळ नसलेलं पान म्हणजे ‘कुठेही जाऊ नका’ हे वाक्य न उच्चारता म्हणणं. निवेदकाचीही गरज नाही.

तरी सगळं पैशावर ढकलायला मी कचरतो, त्याला कारण आहे. २०२०च्या ऑक्टोबरात टीआरपी घोटाळ्याचे आरोप झाल्यावर टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेने वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे थांबवले, ते थेट २०२२च्या मार्चमध्ये परत सुरू झाले. जवळजवळ दीड वर्ष कोण पुढे, कोण मागे, हे वाहिनीनिहाय कुणाला दिसत नव्हतं. त्या दीड वर्षात एकाही वाहिनीने आवाज खाली आणल्याचं मला तरी आठवत नाही. आकड्यांसाठी ओरडायला शिकलेला माणूस आकडे गेल्यावरही ओरडतच राहिला. घडण अंगात मुरली की मालकालाही ती बदलता येत नसावी. इथे पोस्टमन स्माईथपेक्षा खरे वाटतात.

आता उपायांकडे. फोनमध्ये वेळेची मर्यादा घालून देणारी सोय असते, ती मी लावली आहे. ती विचारते, आणखी पंधरा मिनिटं? मी हो म्हणतो. एकट्याने करायचा हा निग्रह म्हणजे दारूच्या दुकानात बसून केलेला उपास. दारूचंच उदाहरण घ्यायचं तर महाराष्ट्रातल्या बायकांनी नवऱ्यांना आत्मसंयमावर भाषणं दिली नाहीत. त्यांनी मतदान मागितलं, आडव्या बाटलीवर, म्हणजे दुकान बंदच्या बाजूने, शिक्के मारले आणि दुकान बंद केलं. लक्ष विचलित होणं ही माझी खासगी खोड आहे असं मानून आपण एक सार्वजनिक प्रश्न स्वतःच्या बोकांडी घेतलाय.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तीनेक हजार वस्ती. २०२२च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गावाने बसून ठरवलं, की रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजेल आणि दीड तास टीव्ही बंद, फोन बाजूला. साडेआठला दुसरा भोंगा. करोनात पोरांच्या हातात शाळेच्या नावाने फोन गेले ते परत आलेच नव्हते, हे निमित्त. शिक्षक, अंगणवाडीच्या ताई घरोघर फिरल्या. देशभरातून पत्रकार आले आणि अर्थात त्यांनी त्याचे व्हिडिओ केले, जे आपण फोनवर पाहिले. ते असो. पोरांचे मार्क किती वाढले यात मला रस नाही. ‘आपल्या दीड तासाचं काय करायचं’ हा प्रश्न त्या गावाने एकत्र बसून, ठराव करून, भोंगा लावून सोडवायचा म्हटलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

कारण एकत्र बसणं हेच दुर्मिळ झालंय. कायद्याने ग्रामसभेची गणपूर्ती आहे मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतलं जे कमी असेल ते. तेवढीही माणसं आली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. शहरात आम्ही याहून पुढे गेलोय. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेच्या नोटिशीत तळाला आधीच छापलेलं असतं: गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस गणसंख्येचे बंधन राहणार नाही.

यंदा लिफ्टचा विषय होता. वर्षभर ग्रुपवर सगळ्यात जास्त बोलला गेलेला, युद्धाखालोखाल. रविवारी दहाला पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, आलो आम्ही एकोणीस जण. सभा तहकूब झाली. त्या अर्ध्या तासात एकोणीसही जण आपापला फोन काढून बसलो. कुणीतरी रिकाम्या खुर्च्यांचा फोटो ग्रुपवर टाकला. वरच्या मजल्यांवरून अंगठे यायला लागले. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी हात जोडले. बी विंगमधून कुणी लिहिलं, काय ठरलं ते कळवा. माझ्या शेजारी बसलेले आजोबा तेवढे फोनविना होते. ते उठून लिफ्टपाशी गेले, बटण दाबलं, दार उघडतंय का बघितलं आणि परत येऊन बसले.

साडेदहाला सेक्रेटरींनी घड्याळ पाहिलं, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.